घराची निगा : कार्पेट बसवताना भिंत आणि स्कर्टिंग कशी सांभाळावी

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

या अंकासाठी खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कार्पेटविषयी आहेत. कार्पेट कोणते घ्यावे, हे त्यांत फारसे कोणी विचारलेले नाही. बसवताना भिंतीचा रंग उडाला, स्कर्टिंगचा (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या पट्टीचा) टवका निघाला किंवा चिकटद्रव्याचे डाग राहिले, आणि आता काय करावे, असेच बहुतेकांचे विचारणे आहे. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. आमच्या मते हे नुकसान कारागिराच्या हातून होत असले, तरी त्याचे मूळ बहुधा कामाच्या चुकलेल्या क्रमात असते आणि जोर नेमका कोठे लागणार आहे याचा आधी विचार न करण्यात असते. खालील उत्तरे वाचताना वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

प्रश्न : आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी दिवाणखान्याला रंग द्यायचा आहे आणि त्याच खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट बसवायचे आहे. आमचे स्कर्टिंग लाकडी असून त्याला ऑइल पेंट द्यायचा आहे. रंगारी म्हणतो, आधी कार्पेट बसवून घ्या, ते जे ओरबाडतील ते मी नंतर रंगवून देईन. कार्पेटवाले म्हणतात, रंग आधी उरकून घ्या. भिंती झाकाव्यात का, असे विचारले तर गरज नाही म्हणतात. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : क्रमाच्या बाबतीत कार्पेटवाल्यांचे ऐकावे, झाकण्याच्या बाबतीत मात्र ऐकू नये.

रंग आधी देण्याचे पहिले कारण उघड आहे. कार्पेटच्या धाग्यांत पडलेला ऑइल पेंटचा थेंब पुसून निघत नाही, आणि पुसायला गेल्यास पसरतो. दुसरे कारण सहसा कोणी सांगत नाही, पण लाकडी स्कर्टिंग असलेल्यांसाठी ते अधिक महत्त्वाचे आहे. स्कर्टिंगची खालची कड एकदा कार्पेटआड गेली, की रंगाऱ्याचा ब्रश तेथे पोहोचत नाही, आणि कोरे राहिलेले लाकूड पावसाळ्यात ओल ओढून घेते व फुगते. म्हणून रंगाऱ्याला खालच्या कडेपर्यंत, जमेल तेथे तिच्या बुडालाही रंग लावण्यास मुद्दाम सांगावे. रंगाऱ्याची शंका अगदीच खोटी नाही. कितीही जपले तरी एखाद-दुसरा ओरखडा उठतोच. त्यासाठी वाटीभर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवावा आणि कार्पेट बसल्यावर रंगाऱ्याला अर्ध्या दिवसाचे काम द्यावे. रंगाचा संपूर्ण हात नंतरसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही.

आता वेळेचा प्रश्न. चैत्र-वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा चाळिशी ओलांडतो, कधी 45 अंशांच्याही वर जातो, आणि अशा उन्हाळ्यात रंग काही तासांत सुकल्यासारखा वाटतो. हे सुकणे वरवरचे असते. बोट लावल्यावर चिकटत नाही म्हणजे थर आतून कडक झाला, असे नव्हे. ऑइल पेंटला पुरेसा टणकपणा यायला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि भिंतीवरच्या पाण्यात मिसळायच्या प्लास्टिक पेंटला पूर्ण पक्के व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या आधी कार्पेटची खरखरीत पाठ घासली, तर रंगाची सालच निघते, आणि टेप लावली तर टेपेबरोबर रंगही येतो. पाडव्यापासून आखाजीपर्यंत महिनाभराचे अंतर असते, तेव्हा रंगकाम पाडव्याच्या सुमारास संपवता आले तर सर्वांत उत्तम. ते जमणार नसेल, तर सणाला रंगवलेली खोली मोकळी वापरावी, लेकी-जावयांसाठी सतरंज्या अंथराव्यात आणि कार्पेटचे काम सण आटोपल्यावर काढावे. सणाची घाई आणि ओला रंग यांतून झालेले नुकसान दुरुस्त करण्याचा खर्च कार्पेट चार दिवस थांबवण्यापेक्षा नेहमीच जास्त येतो.

झाकण्यासाठी महागडे काही लागत नाही. भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा आणि स्कर्टिंग एवढेच झाकायचे असते, कारण कार्पेटची घासाघीस तेवढ्याच उंचीत होते. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा उभा कापून भिंतीला टेकवावा. जळगावला तर प्लास्टिकच्या चटया जागोजाग तयार होतात, त्यांपैकी एखादी जुनी चटई आडवी धरून दोन फूट उंचीत लावली तरी काम भागते, आणि ती कोपऱ्यात वळतेही चांगली. मात्र हे आवरण ताज्या रंगाच्या भिंतीवर टेपेने चिकटवू नये. पुठ्ठ्याची खालची दोन इंच कड बाहेर दुमडून जमिनीवर टेप लावावी, म्हणजे तो आपोआप उभा राहतो, आणि काम जसजसे पुढे सरकेल तसतसा उचलता येतो. स्कर्टिंगवर टेप लावायचीच असेल, तर कमी चिकटणारी मास्किंग टेप घ्यावी. पार्सलची तपकिरी टेप कधीही लावू नये.

दाराच्या चौकटी आणि भिंतींचे बाहेरचे कोपरे यांना सर्वांत आधी जपावे, कारण पहिला घाव तेथेच बसतो. कार्पेटचा रोल बहुधा 12 फूट किंवा 4 मीटर रुंदीचा असतो, तो जड असतो आणि दिवाणखान्याच्या दारातून सरळ आत येत नाही. ओढत, वळवत आणला की त्याचे टोक कोपऱ्याच्या प्लास्टरवर आदळते आणि पुट्टीसकट टवका उडतो. म्हणून रोल किमान तिघांनी उचलावा, पुढच्याने तोंड सांभाळावे, आणि शक्य असेल तर अंगणात किंवा ओसरीवर सावलीत उलगडून खोलीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त ठेवून ढोबळ कापून घ्यावा. मग तो सैलसर गुंडाळून आत आणणे सोपे जाते. दुपारच्या उन्हात तापलेल्या गच्चीवर हे काम करू नये, कारण कार्पेटच्या पाठीचा थर उष्णतेने मऊ होतो आणि कापड आपल्या मापात राहत नाही. कापलेले कार्पेट बसवण्याआधी एक दिवस खोलीतच पसरून ठेवले, तर ते खोलीच्या हवेला रुळते आणि घड्याही मोडतात.

यानंतर ग्रिपर, म्हणजे वर तिरक्या खिळ्यांची टोके असलेली जी लाकडी पट्टी खोलीच्या कडेने जमिनीवर ठोकतात, तिचा विचार करावा. ही पट्टी स्कर्टिंगला अगदी चिकटवून ठोकायची नसते. दोहोंमध्ये कार्पेटच्या जाडीपेक्षा किंचित कमी, म्हणजे साधारण 6 ते 8 मिलिमीटर फट ठेवायची असते, आणि कार्पेटची कापलेली कड त्याच फटीत खोचली जाते. फट फार अरुंद झाली, तर कड आत जात नाही, मग कारागीर हातोडीने ठोकतो आणि तो प्रत्येक ठोका स्कर्टिंगला बसतो. फट फार रुंद झाली, तर कड आत पडते आणि भिंतीलगत खोबण दिसते. तेव्हा पहिली पट्टी ठोकल्याबरोबर तेथे बसून ती फट स्वतः पाहावी आणि मगच पुढचे काम करू द्यावे. खिळे ठोकताना स्कर्टिंगसमोर प्लायवूडचा हातभर तुकडा उभा धरला, तर निसटलेली हातोडी त्या तुकड्यावर बसते. आपल्याकडे विजेचे पाइप आणि कधी पाण्याची लाइनही फरशीखालून नेलेली असते, म्हणून खिळा किंवा ड्रिल मारण्याआधी ते कोठून गेले आहेत हे घराच्या मिस्त्रीला विचारून घ्यावे. फरशी टाइलची असेल, तर खिळ्याने टाइल तडकते, तेथे पट्टी चिकटवूनच बसवावी.

कापण्याचे काम सर्वांत नाजूक असते. कार्पेट ताणून झाल्यावर जास्तीची कड भिंतीवर चढलेली असते. घाईतला कारागीर कटर उभा धरून ती कड स्कर्टिंगवरच दाबतो आणि सरळ ओढत नेतो. कापली जाते ती कडही, आणि तिच्यामागचा रंगही. लाकडावर केसाएवढी बारीक आडवी रेघ उमटते, ती त्या दिवशी दिसत नाही, पण महिन्याभरात तिच्यात धूळ भरली की खोलीभर दोरी बांधल्यासारखी दिसू लागते. ही रेघ टाळण्यासाठी रंगाऱ्याची सहा ते दहा इंच रुंद पुट्टीची पत्री घ्यावी, ती कार्पेट आणि स्कर्टिंग यांच्यामध्ये उभी सरकवावी, आणि ब्लेडचे टोक भिंतीकडे न धरता खोलीकडे कलते धरून त्या पत्रीच्या आधाराने कापावे. पत्री आधी पुढे सरकवायची आणि ब्लेड तिच्या मागोमाग न्यायचे. पत्रीच्या पुढे ब्लेड कधीही जाऊ देऊ नये. ब्लेड वरचेवर बदलावे. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेले ब्लेडच निसटते. एका मोठ्या खोलीसाठी ब्लेडचे अख्खे पाकीट संपले, तरी ते खर्चात धरू नये. कापलेली कड खोचण्यासाठी बोथट धारेची रुंद छिन्नी वापरावी, पेचकस किंवा कटरची पाठ नव्हे.

प्रश्न : माझ्या दवाखान्यातील सल्ल्याच्या खोलीत जिप्समच्या पार्टिशनची एक भिंत आहे. कार्पेट ताणण्यासाठी लांब दांड्याचे यंत्र आणले होते, त्याचा मागचा ठोकळा या भिंतीला लावताच स्कर्टिंग मागे दबले आणि वरच्या बोर्डाला चीर गेली. कारागीर म्हणतो, भिंतच कच्ची होती. दुसऱ्या खोलीचे काम अजून बाकी आहे. – एक डॉक्टर वाचक, जळगाव

उत्तर : भिंत कच्ची होती असे म्हणता येणार नाही. ती वेगळ्या प्रकारची होती, आणि ते ओळखून काम करायला हवे होते. हे यंत्र, ज्याला स्ट्रेचर म्हणतात, एका टोकाने समोरच्या भिंतीचा आधार घेते आणि दुसऱ्या टोकाने कार्पेट ढकलते. जेवढा जोर कार्पेटला मिळतो, तेवढाच मागच्या भिंतीला बसतो, आणि तोही हाताच्या तळव्याएवढ्या ठोकळ्यावर. विटांच्या भिंतीला हा जोर फारसा जाणवत नाही, फार तर प्लास्टरवर वण पडतो. जिप्सम बोर्डाच्या मागे मात्र पत्र्याचे उभे खांब साधारण दोन-दोन फुटांवर असतात आणि मधली जागा पोकळ असते. ठोकळा त्या पोकळ जागेवर आला, की बोर्ड दबणारच. अमेरिकेतील घरांच्या भिंती बहुतेक लाकडी सांगाडा आणि जिप्सम बोर्ड यांच्याच असतात, त्यामुळे तिकडचे कारागीर अनेकदा ठोकळ्यामागे जाड लाकडी फळी आडवी ठेवून स्ट्रेचर लावतात. आपल्याकडे पूर्वी विटांच्या भिंतीच असल्यामुळे ही सवय लागली नाही, आता पार्टिशन सर्रास होऊ लागल्यावर ती लावून घ्यायला हवी.

दुसऱ्या खोलीसाठी किमान चार फूट लांब, चार इंच रुंद आणि दीड-दोन इंच जाड अशी सरळ फळी घ्यावी. तिच्या भिंतीकडच्या बाजूला जुन्या चादरीची घडी किंवा कार्पेटचाच तुकडा गुंडाळावा. खांब शोधण्यासाठी बोर्डावर बोटाने ठोकत जावे : पोकळ आवाज जेथे भरीव होतो, तेथे खांब असतो. साधे चुंबक स्क्रूवर चिकटते, त्यावरूनही जागा कळते. फळी किमान दोन खांबांवर टेकेल अशी, जमिनीलगत ठेवावी, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीचाही आधार मिळतो. शक्य असल्यास स्ट्रेचरची दिशाच अशी ठरवावी की आधार विटांच्या भिंतीचा मिळेल आणि पार्टिशनच्या बाजूला फक्त कार्पेट अडकवायचे राहील. गुडघ्याने मारायचा किकर कडेला वापरताना त्याचे डोके भिंतीपासून इंचभर अलीकडे ठेवण्यास सांगावे, कारण निसटला की तो सरळ स्कर्टिंगवर जातो.

पहिल्या खोलीची चीर जाळीची टेप आणि जिप्समचे भरण लावून बुजते, परंतु बोर्ड हाताने दाबल्यावर हलत असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा बसवावा. नुसत्या पुट्टीने चीर पुन्हा उघडते. पैशांचा हिशेब आपण दोघांनी बसून मिटवावा हे बरे. दुसऱ्या खोलीचे काम सुरू करण्याआधी मात्र ‘भिंतीला फळीचा आधार देऊन ताणणे’ असे शब्द कामाच्या चिठ्ठीत लिहून घ्यावेत.

प्रश्न : कार्पेट चिकटवताना पिवळे रबरी चिकटद्रव्य स्कर्टिंगवर आणि भिंतीवर जागोजाग लागले. कारागिराने थिनरने पुसले, तर भिंतीचा रंगच विरघळून डाग पसरला. स्कर्टिंगवर लावलेली टेप दहा दिवस तशीच राहिली होती, ती आता तुकड्या-तुकड्याने निघते आहे. – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भिंतीवरचे डाग आणखी पुसू नयेत. थिनर प्लास्टिक पेंटला विरघळवतो, म्हणून प्रत्येक पुसण्याने डाग वाढतच जाईल. चिकटद्रव्य पूर्ण वाळू द्यावे, मग त्याचा फुगवटा बोथट पत्रीने हलकेच खरवडावा, उरलेला भाग बारीक पॉलिश पेपरने घासावा, डाग वर उमटू न देणारा प्रायमर लावावा आणि मग भिंतीचा तेवढा पट्टा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रंगवून घ्यावा. मधोमध टाकलेले ठिगळ कायम वेगळे दिसते. टाइल किंवा ग्रॅनाइटच्या स्कर्टिंगवरचे डाग मात्र थिनरने निघू शकतात, पण आधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे.

टेपेचे काम संयमाचे आहे. उन्हाने तापलेल्या स्कर्टिंगवर टेपेचा गोंद मऊ होऊन पृष्ठभागात बसतो आणि वरचा कागद कोरडा पडून फाटू लागतो. केस वाळवण्याच्या यंत्राने टेप किंचित गरम करावी, कडेने ब्लेडची हलकी रेघ मारावी, आणि टेप मागे दुमडून, म्हणजे जिकडे ओढायची तिकडेच वळवून, सावकाश सोलावी. सरळ बाहेर खेचली तर रंग उखडतो. मागे राहिलेला गोंद खोबरेल तेलाच्या बोळ्याने काही मिनिटे भिजवून मऊ फडक्याने पुसावा आणि साबणाच्या पाण्याने तेल काढून टाकावे. पुढच्या वेळी उन्हाळ्यात टेप त्याच दिवशी, चिकटद्रव्य ओले असतानाच काढावी.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. रबरी चिकटद्रव्य आणि थिनर या दोहोंची वाफ पेट घेते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. काम चालू असताना खिडक्या-दारे उघडी ठेवावीत, त्या खोलीला लागून असलेल्या स्वयंपाकघरातील गॅस बंद ठेवावा, देवघरातील निरांजन आणि उदबत्ती त्या दिवशी लावू नये, आणि कारागिराला बिडी ओढू देऊ नये. पाण्यात मिसळणारे कार्पेटचे चिकटद्रव्य मिळत असेल तर तेच घ्यावे. ते ओले असताना ओल्या फडक्याने पुसले जाते, आणि आपला निम्मा प्रश्न त्यानेच सुटला असता.

प्रश्न : कार्यालयासाठी भाड्याने जागा घेतली आहे. मालकांनी भिंतींना किंवा फरशीला खिळा मारायचा नाही असे सांगितले आहे. कार्पेट कसे बसवावे? – एक वाचक, धुळे

उत्तर : कार्पेट टाइल्स घ्याव्यात. या बहुधा 50 सेंटिमीटर चौरस मापाच्या असतात, त्यांना ताणावे लागत नाही, म्हणून ग्रिपर नको, स्ट्रेचर नको आणि भिंतीवर जोरही नको. खोलीच्या मध्यापासून सुरुवात करून कडेला येणाऱ्या टाइल्स भिंतीपासून दूर, पाट्यावर ठेवून कापाव्यात, म्हणजे ब्लेड स्कर्टिंगजवळ जातच नाही. त्या पूर्ण चिकटवू नयेत. टाइल पुन्हा उचलता येईल असे हलके चिकटद्रव्य मिळते, तेच वापरावे. दुहेरी चिकटपट्टी सोपी वाटते, पण तिचा गोंद फरशीवर राहतो आणि जागा सोडताना तोच वादाचा विषय होतो. काम सुरू करण्याआधी चारी भिंतींच्या खालच्या भागाचे फोटो तारखेसह मालकांना पाठवून ठेवावेत.

प्रश्न : आमचे घर जुने धाब्याचे आहे. माजघराच्या भिंती मातीच्या असून पांढऱ्या मातीने सारवलेल्या आहेत, खाली शहाबादी फरशी आहे. मुलाच्या आग्रहावरून तेथे भिंतीपर्यंत कार्पेट करावे असे ठरते आहे. भिंतींना धक्का न लावता ते होईल का? – एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : तुमच्या भिंतींचा विचार करता आम्ही ते करू नये असेच म्हणू, आणि मुलाच्या हौसेला नकार देण्याचा आमचा हेतू नाही, हे त्याला जरूर सांगावे. मातीची भिंत जमिनीतली ओल थोडीथोडी वर ओढते आणि पृष्ठभागावरून हवेत सोडते. तिच्या पायाशी जाड कार्पेट आणि त्याखाली रबरी अंडरले (कार्पेटखालचा मऊ थर) दाबून बसवले, तर ओलीची ती वाट बंद होते. मग ओल भिंतीतच साचते, पायथ्याशी लोणा लागतो, सारवण सुटते आणि पावसाळ्यानंतर कार्पेटच्या पाठीवर बुरशी येते. ग्रिपरची लाकडी पट्टी तर मातीच्या भिंतीलगतच्या वाळवीला आयते अन्नच होईल. शिवाय या भिंतीला स्कर्टिंग नसल्याने कार्पेटची कड थेट सारवणावर घासणार, आणि जोर लावून खोचायला गेले की पापुद्रे पडणार.

त्याऐवजी भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, मधोमध सुटे कार्पेट किंवा जाड सतरंजी अंथरावी, तिच्या कडा शिवून घ्याव्यात, आणि आठवड्यातून एकदा ती उचलून फरशी कोरडी होऊ द्यावी. चारी बाजूंनी उघडी दिसणारी शहाबादी फरशीची चौकट त्या माजघराला शोभूनच दिसेल.

ज्यांची घरे सिमेंटची आहेत पण ओलीची शंका आहे, त्यांनी एक सोपी परीक्षा करावी. दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद फरशीवर चारी कडांनी टेप लावून घट्ट बंद करावा आणि किमान 16 तासांनी उचलावा. खाली बाष्प जमले असेल किंवा फरशी काळपट झाली असेल, तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा. ही परीक्षा भिंतीपासून वीतभरावर एकदा आणि खोलीच्या मध्यावर एकदा, अशी दोन ठिकाणी करावी.

प्रश्न : कार्पेट बसवून वर्ष झाले. भिंतीलगत चारी बाजूंनी बोटभर रुंदीची काळी रेघ आली आहे आणि कूलरच्या बाजूचे स्कर्टिंग फुगले आहे. बसवण्यातच दोष राहिला का? – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : दोन्ही गोष्टींची कारणे वेगळी आहेत, आणि दोन्ही कारणे बसवण्याआधी दूर करता आली असती.

काळी रेघ ही धुळीची आहे. स्कर्टिंगखालच्या फटीतून हवा सतत आत-बाहेर होत असते, आणि कार्पेटची कड तिला गाळणीसारखी अडवते, त्यामुळे बारीक धूळ आणि काजळी नेमकी त्या पट्ट्यात बसते. खानदेशातली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यावरच्या घरांत भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बारीक फट पडणे नेहमीचेच आहे, म्हणून ही रेघ आपल्याकडे पुष्कळ घरांत दिसते. कार्पेट बसवण्याआधी ही फट ॲक्रिलिक सीलंटने भरून घेणे हा खरा उपाय आहे. भरण लवचीक असावे, सिमेंट किंवा पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा सुटते. आता झालेली रेघ व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद तोंडाने आठवड्यातून एकदा ओढून घ्यावी, आणि उरलेली कार्पेट शाम्पूच्या फेसाने, कमीत कमी पाणी वापरून साफ करावी. ती पूर्ण निघेल असे नाही, परंतु फिकट होईल. फट भरायची असेल, तर कड हलकेच उचलावी लागेल. ते काम कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण ग्रिपरचे खिळे हाताला लागतात आणि पुन्हा खोचताना स्कर्टिंगला जपावे लागते.

फुगलेले स्कर्टिंग बहुधा एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचे असावे. कूलरची ओलसर हवा आणि टाकी भरताना सांडणारे पाणी कार्पेटमध्ये मुरते, कार्पेटखाली ते लवकर वाळत नाही, आणि एमडीएफची कापलेली खालची कड ते पाणी ओढून घेते. फुगलेले एमडीएफ पूर्ववत होत नाही. तेवढी पट्टी काढून तेथे टाइलची, पीव्हीसीची किंवा चारी अंगांनी रंगवलेली सागवानी पट्टी बसवावी. पट्टी काढताना ती भिंतीपासून थेट उचकटू नये. वरच्या कडेवरची रंगाची साय आधी ब्लेडने कापावी, नाहीतर ती भिंतीचा रंग सोलत वर जाते. मग रुंद पत्री आत घालून, पत्रीमागे प्लायवूडचा तुकडा ठेवून, खिळ्याच्या जागी थोडे-थोडे सैल करत जावे. नवी पट्टी कार्पेटच्या वर टेकेल अशी न बसवता तिच्याखाली कड खोचण्याइतकी जागा सोडावी.

कूलर शक्यतो खिडकीच्या बाहेर, जाळीच्या कट्ट्यावर ठेवावा. तो आत ठेवण्यावाचून इलाज नसेल, तर त्याच्याखाली तीन फूट लांब-रुंद भागात कार्पेट न घालता फरशी उघडी ठेवून तेथे धातूची कडपट्टी लावून घ्यावी. आपल्या खोलीत हा बदल आताही करता येईल, आणि स्कर्टिंग बदलण्याच्या कामाबरोबरच तो केला, तर कारागिराला एकदाच बोलवावे लागेल.